सात मरून, एक ड्रॉवर : नेलपेंटची निवडानिवड

सौंदर्यप्रसाधनांच्या या प्रश्नोत्तरांत या वेळी फक्त नेलपेंट. दिवाळीच्या आवराआवरीत ड्रॉवर उघडतात, बाटल्या मोजल्या जातात आणि पत्रं येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच: काय ठेवायचं, काय काढायचं? त्यातल्या वेगवेगळ्या अडचणी निवडून इथे घेतल्या आहेत.

माझ्याकडे ८४ नेलपेंट आहेत आणि त्यांत मरूनच सात. टाकायला म्हणून काढते, मग प्रत्येक शेड जरा वेगळी वाटते आणि सगळ्या परत आत जातात. तुलना नेमकी कशी करायची? आणि किती ठेवाव्यात?
— वाचक, ठाणे

बाटलीशेजारी बाटली धरून तुलना होत नाही, सगळा घोळ तिथेच आहे. बाटलीत रंगाचा थर सेंटिमीटरभर जाड असतो, नखावर तो वाळल्यावर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ उरतो. शिमर काचेच्या कडेला गोळा होतं, म्हणून बाहेरून चमक जास्त दिसते. शिवाय जड रंगद्रव्य तळाशी बसलेलं असलं तर वरचा अर्धा भाग फिकट दिसतो. मग सात मरून सात वेगळ्या वाटतात, आणि लावल्यावर मैत्रीण विचारते, ‘मागच्या वेळचीच ना?’

त्यासाठी प्लॅस्टिकच्या पारदर्शक नेल टिप, म्हणजे खोटी नखं, घ्या. पार्लरचं सामान विकणाऱ्या दुकानात शंभरच्या आसपास नगांची पिशवी मिळते. रंग लावून बघायच्या, दांडी असलेल्या स्वॉच स्टिक मिळाल्या तर धरायला सोप्या पडतात. प्रत्येक बाटलीच्या झाकणावर कागदी स्टिकर लावून क्रमांक टाका आणि तोच क्रमांक टिपच्या मागच्या बाजूला स्टिकरवर लिहा. पेन्सिलने लिहा. मार्करची शाई नेलपेंटमधल्या द्रावकात विरघळते आणि रंगात उतरते.

बाटली दोन तळहातांत धरून मिनिटभर फिरवा. मग टिपवर दोन पातळ कोट द्या. दोन कोटांमध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, पावसाळ्यात दहा. दोन कोटांनंतरही खालचं दिसत असेल तर तिसरा द्या आणि स्टिकरवर ‘३’ लिहून ठेवा. हा आकडा पुढे निर्णय करतो. टॉप कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, फक्त अर्ध्या टिपवर लावा. काही शेड टॉप कोटखाली एक पायरी गडद होतात आणि मॅट शेड तर मॅटच राहत नाही. टिप चोवीस तास आडव्या ठेवून वाळू द्या. एक सावधगिरी: चुकलेली टिप रिमूव्हरने पुसायला जाऊ नका. या टिप बहुधा एबीएस प्लॅस्टिकच्या असतात, अ‍ॅसिटोनने त्या वितळून चिकट होतात. सरळ नवी टिप घ्या.

आता एका रंगाच्या टिप पांढऱ्या कागदावर ओळीने मांडा. खिडकीजवळ, पण थेट ऊन नको. रंगीत पडदा किंवा पिवळी भिंत जवळ असेल तर तिचा रंग टिपवर पडतो. मरून आणि लाल पाहताना रंग कुठे झुकतो ते बघा: राणी कलरकडे, म्हणजे त्यात निळसर छटा, शेंदरीकडे, म्हणजे नारिंगी, विटकरीकडे, म्हणजे तपकिरी, वांगी कलरकडे, म्हणजे जांभळट. एकटी टिप पाहून हे कळत नाही, शेजारी दुसरी असली की लगेच कळतं. सात मरून बहुधा अशा दोन-तीन गटांत पडतात आणि एका गटात एक पुरते.

अजून शंका असेल तर दोन टिप घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या. क्रमांक दिसणार नाहीत अशा बेताने त्यांनी पाच-सहा वेळा अदलाबदल करून ठेवाव्यात आणि तुम्ही दर वेळी कोणती कुठली ते सांगावं. उत्तर चुकू लागलं तर त्या दोन बाटल्या तुमच्यापुरत्या एकच आहेत. पॅकिंगवर नावं कितीही वेगळी असोत.

एकसारख्या दोनांपैकी कोणती ठेवायची? किंमत आधी विसरा, ती खर्च झालेली आहे. दोन कोटांत झाकणारी शेड तीन कोटवालीपेक्षा बरी. ब्रशचे केस सरळ आणि एका पातळीत असतील ती बरी. पातळी गळ्यापर्यंत असेल ती बरी, कारण अर्ध्या रिकाम्या बाटलीत हवेची जागा मोठी असते आणि उरलेलं लवकर घट्ट होतं. टिकण्याची परीक्षा घ्यायची तर एका हाताला एक आणि दुसऱ्या हाताला दुसरी असं लावू नका. उजव्या हाताचं नेलपेंट तसंही आधी टवकतं. प्रत्येक हाताला एकाआड एक बोट घ्या: उजव्या हाताला अंगठा, मधलं, करंगळी पहिल्या शेडचं, डाव्या हाताला तीच बोटं दुसऱ्या शेडची. भांडी घासताना नखं पाणी शोषून किंचित फुगतात, वाळताना आकसतात आणि वरचा कडक थर टोकाशी सुटतो. चार दिवसांत फरक दिसेल.

किती ठेवायच्या, याला हिशेब आहे. दहा नखांचं क्षेत्र मिळून साधारण दहा चौरस सेंटिमीटर धरा, ओला कोट ०.१ मिलिमीटर. म्हणजे एका कोटाला ०.१ मिलिलिटर, दोन कोटांना ०.२, आणि बाटलीच्या तोंडावर पुसलं जाणारं धरून ०.३. नऊ मिलिलिटरची बाटली अशी तीस वेळा पुरते. ८४ बाटल्या म्हणजे २५२० वेळा. आठवड्यातून एकदा लावलंत तर वर्षात ५२ वेळा, म्हणजे ४८ वर्षांचा साठा. तेव्हा ‘संपवून टाकेन’ हा पर्याय मुळात नाहीच. प्रश्न एवढाच की वर्षात प्रत्येक बाटलीची पाळी किती वेळा यावी. दोनदा यावी असं वाटत असेल तर २६ बाटल्या, तीनदा हवी असेल तर १७. आमच्या मते २६ भरपूर झाल्या. वरून एका बोटाला लावायच्या ग्लिटरच्या बाटल्या या मोजणीबाहेर ठेवा, त्या चार-पाच पुरतात.

काढायचा क्रमही सांगतो. आधी बिघडलेल्या, मग जोड्या, मग ज्या लावताच येत नाहीत त्या: रेघा पडणाऱ्या, फोड येणाऱ्या, नखं पिवळी करणाऱ्या. ‘आवडत नाही’ हा गट शेवटी घ्या. आधीचे तीन गट गेल्यावर तो बराच लहान उरतो.

महागडी १५ मिलिलिटरची एक शेड आणि स्वस्तातली ५ मिलिलिटरची दुसरी ट्यूबलाइटमध्ये हुबेहूब दिसतात. मी महागडी विकायला काढली होती. उन्हात मात्र एक केशरी आणि एक गुलाबी! डोळ्यांचा दोष की काय?
— वाचक, सातारा

डोळे ठीक आहेत. एकच रंग वेगवेगळी रंगद्रव्यं मिसळून तयार करता येतो. एकीत सेंद्रिय लाल रंगद्रव्य असेल, दुसरीत आयर्न ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या जोडीला दुसरंच लाल. प्रकाशातल्या कोणत्या लहरी परत फेकायच्या हे प्रत्येक रंगद्रव्याचं वेगळं असतं. ट्यूबलाइटच्या प्रकाशात सगळ्या लहरी सारख्या प्रमाणात नसतात, त्यामुळे तिथे जुळलेली जोडी उन्हात तुटते. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस घेताना दुकानाबाहेर येऊन पाहतात ते याचसाठी.

म्हणून जोडी ठरवताना तीन प्रकाश: सकाळी खिडकीजवळ, घरातल्या दिव्यात आणि उन्हात. तुम्ही नेलपेंट कुठे मिरवता त्यालाच महत्त्व द्या. लग्न-समारंभातच लावत असाल तर हॉलच्या दिव्यातली जोडी ही जोडीच, उन्हातला फरक सोडून द्या. ऑफिसला जाताना रोज बसस्टॉपवर उभ्या राहत असाल तर नाही.

फिनिशही जुळायला हवं. एक क्रीम आणि दुसरी जेली असेल तर रंग एक असूनही वेगळ्या दिसतात, कारण जेलीतून प्रकाश आत जाऊन परत येतो आणि क्रीम वरच्या वर अडवते. झाकण्याची ताकद पाहायची तर कागदावर जाड काळी पट्टी काढून टिप तिच्यावर ठेवा. दोन कोटांनंतर पट्टी दिसते का बघा. होलो (इंद्रधनुषी चमक असलेल्या) आणि ड्युओक्रोम (कोन बदलला की रंग बदलणाऱ्या) शेडची जोडी फक्त उन्हात, टिप तिरपी-सरळ करून ठरवावी.

आणि किंमत तपासताना बाटलीची नव्हे, मिलिलिटरची बघा. ‘स्वस्त’ पाच मिलिलिटर कधी कधी स्वस्त नसते.

उन्हाळ्यात निम्म्या बाटल्या घट्ट झाल्या. दोन-तीनांत रिमूव्हर घातलं, आधी पातळ झाल्या पण आता नखावर वाळतच नाहीत. वाचवता येतील का?
— वाचक, नागपूर

रिमूव्हर घातलेल्या नाहीत. बाकीच्यांपैकी बऱ्याच वाचतील.

नेलपेंट म्हणजे ढोबळमानाने नायट्रोसेल्युलोज, थोडी रेझिन, ते लवचीक ठेवणारा घटक, रंगद्रव्य, रंगद्रव्य तरंगत ठेवणारी विशिष्ट माती, आणि हे सगळं विरघळवून ठेवणारे दोन द्रावक: इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्यूटाइल अ‍ॅसिटेट. पहिला झटकन उडतो, दुसरा सावकाश. त्यामुळे ब्रश फिरवायला वेळ मिळतो आणि रेघा आपोआप बसतात. बाटली घट्ट होते तेव्हा उडून गेलेले असतात ते हे दोघे. तेवढे परत दिले की काम झालं. नेलपेंट थिनर म्हणून विकली जाणारी बाटली बहुतेक याच दोघांची असते, लेबलवर तीच नावं आहेत ना ते बघून घ्या.

रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोनबरोबर पाणी, ग्लिसरीन किंवा तेल आणि सुगंध असतो. अ‍ॅसिटोन फार लवकर उडतं म्हणून रेघा पडतात, पाण्याने नायट्रोसेल्युलोजच्या गाठी होतात, आणि तेल थरात अडकून बसतं म्हणून तो मऊ राहतो. ‘वाळत नाही’ ही तुमची तक्रार या तेलाचीच असणार. हार्डवेअरच्या दुकानातला एन. सी. थिनर स्वस्त असतो, पण तो फर्निचरच्या लॅकरसाठी आहे. त्यात टोल्यूइनसारखे द्रावक असतात, नखांना लावायच्या वस्तूत तो घालू नये.

पद्धत अशी. बाटलीचं तोंड आधी पुसून घ्या. नऊ मिलिलिटरच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीत ड्रॉपरने दोन ते तीन थेंब टाका. झाकण लावून तळहातांत दोन मिनिटं फिरवा आणि पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. मग ब्रश उभा धरून बाहेर काढा. टोकाशी गोल थेंब जमून सावकाश सुटला तर झालं. तार निघत असेल तर आणखी दोन थेंब आणि पुन्हा पंधरा मिनिटं. एकदम दहा थेंब टाकू नका. जास्त पातळ झालेलं नेलपेंट क्युटिकलमध्ये, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीत, वाहतं, आणि ते परत घट्ट करायला झाकण उघडं ठेवून बसावं लागतं. दहा-बारा थेंब जाऊनही तार तुटत नसेल तर ती बाटली सोडून द्या. झटपट वाळणारे टॉप कोट अर्धे संपल्यावर तार सोडू लागतात, ते त्यांच्या स्वभावातच आहे. ते लहान बाटलीत घ्यावेत.

रंग आणि पारदर्शक द्रव वेगळे झाले म्हणून बाटली फेकू नका, ते नेहमीचंच. तासभर बाटली उलटी ठेवा, मग फिरवा. आत स्टीलच्या गोळ्या असतील तर हलक्या हाताने हलवायलाही हरकत नाही. मात्र खळखळ हलवलेली बाटली पाच-दहा मिनिटं थांबूनच वापरा. खरंच गेलेली बाटली अशी ओळखा: दह्यासारख्या गुठळ्या, तळाशी दगडासारखा बसलेला रंग, पिवळी पडलेली पारदर्शक शेड, कडा गुंडाळलेली ग्लिटर, किंवा ग्लिटरचा रंग द्रवात उतरून सगळं एकरंगी झालेलं. यांवर थिनर वाया घालवू नये.

विदर्भातल्या उन्हाळ्यात बाटल्या लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, खिडकीत किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नयेत, या तिन्ही जागा तापतात. खालच्या ड्रॉवरमध्ये, उभ्या, अंधारात ठेवा. निऑन आणि गुलाबी शेड उन्हाने फिक्या पडतात, म्हणून काचेच्या शोकेसमध्ये मांडायची हौस त्यांच्या बाबतीत टाळावी. स्वयंपाकघर तर नकोच. इथाइल अ‍ॅसिटेटची वाफ खोलीच्या तापमानालाही पेट घेते.

नेलपेंट लावल्यावर पांढरट धुरकट दिसतं, शिवाय बारीक फोड येतात. चार बाटल्यांचं असं झालं. बिघडल्या म्हणून काढून टाकू?
— वाचक, रत्नागिरी

थांबा. हे बाटलीचं नसून हवेचं असण्याचीच शक्यता जास्त आहे. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्यावर पाण्याचे सूक्ष्म कण बसतात आणि नायट्रोसेल्युलोज तिथे पांढरट होऊन बाहेर पडतं. फर्निचरला लॅकर मारणारे कारागीर भर पावसात काम टाळतात त्यामागचं कारण हेच. खोली बंद करून एसी किंवा डीह्युमिडिफायर अर्धा तास चालवा, नखं अगदी कोरडी करा, कोट पातळ द्या. आंघोळीनंतर किंवा भांडी झाल्यावर लगेच लावू नका.

फोडांना बहुतेक वेळा पंखा जबाबदार. पंख्याखाली वरची साय आधी धरते, आतला द्रावक बाहेर पडताना तिला फुगवतो. जाड कोटात हे हमखास होतं. पंखा बंद, कोट पातळ, मध्ये दहा मिनिटं. कोरड्या हवेतही त्याच बाटलीला तेच झालं तर मात्र ती काढा.

तारीख उलटून दोन वर्षं झालेली नेलपेंट लावली तर नखांना अपाय होतो का?
— वाचक, कोल्हापूर

द्रावकाने भरलेल्या बाटलीत जंतू सहसा वाढत नाहीत, त्यामुळे क्रीम किंवा काजळासारखा धोका इथे नाही. तारीख उलटल्यावर कंपनी रंगाची, टिकण्याची, वाळण्याची हमी देत नाही, इतकंच. वर सांगितलेल्या खुणा नसतील तर लावायला हरकत नाही. परदेशी बाटल्यांवर उघड्या डबीचं चिन्ह आणि ‘२४एम’ असं असतं. ते उघडल्यापासूनचे महिने, म्हणून उघडल्याची तारीख तळाला लिहून ठेवलेली बरी.

अपवाद तीन. पाण्यावर आधारलेली नेलपेंट, विशेषतः लहान मुलांसाठीची, तारखेनंतर टाकावीत, त्यांत पाणी असतं. त्यांत थिनरही चालत नाही. नखांना बुरशी झाली असताना वापरलेल्या बाटल्या नखं बरी झाल्यावर ठेवू नयेत, आणि कुणाला देऊ तर अजिबातच नयेत. तिसरा, आई-मावशीच्या जुन्या बाटल्या. युरोपने नेलपेंट लवचीक ठेवणारं डायब्यूटाइल थॅलेट २००४ साली बंद केलं. त्याआधीच्या बाटल्यांत ते आणि टोल्यूइन असण्याची शक्यता बरीच आहे. आठवण म्हणून ठेवायची तर ठेवा, नखांना नको.

जेलच्या पंधरा-वीस बाटल्या आहेत, पार्लरचा कोर्स केला तेव्हाच्या. साध्या नेलपेंटचेच नियम लावू का?
— वाचक, सोलापूर

नाही. जेल हवेने वाळत नाही, त्यासाठीच्या खास दिव्याच्या प्रकाशात त्यातले रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट होतं. त्यात नेलपेंट थिनर घातलं तर जुळणी अर्धवट राहते. अर्धवट घट्ट झालेलं जेल त्वचेला लागत राहिलं की अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की जन्मभराची. पुढे दाताच्या सिमेंटनेही त्रास होऊ शकतो. त्यामुळे जेलच्या बाबतीत काटकसर नको: गुठळ्या, तोंडाशी घट्ट झालेली कड, वेगळा वास, यांपैकी काही दिसलं की बाद.

तुलना करायची तर टिपवर पातळ कोट द्या, बाटलीवर लिहिलेली वेळ दिव्याखाली धरा आणि तोच दिवा वापरा जो नखांना वापरता. एका कंपनीचं जेल आणि दुसऱ्याचा दिवा ही जोडी नेहमीच जमते असं नाही. साहित्य नव्याने घेणार असाल तर लेबल वाचा. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५पासून टीपीओ हा जेल दिव्याखाली घट्ट करायला मदत करणारा घटक सौंदर्यप्रसाधनांत बंद केला आहे. भारतात तो नियम लागू नाही, पण त्याशिवायची जेल मिळतात.

टाकताना जेल कागदावर पातळ पसरा, दिव्याखाली किंवा उन्हात घट्ट करा आणि मगच टाका. हातात मोजे हवेत.

काढलेल्या तीस बाटल्यांचं करायचं काय? सिंकमध्ये ओतून बाटल्या भंगारवाल्याला दिल्या तर?
— वाचक, पुणे

सिंकमध्ये नको. पाइपमध्ये रंग चिकटतो, वाफ पेट घेणारी असते आणि द्रावक सांडपाण्यात जातो. भंगारवालाही आत रंग वाळलेली बोटभर काच घेत नाही.

चांगल्या बाटल्या आधी वेगळ्या करा. अर्ध्याहून जास्त भरलेल्या, नीट उघडणाऱ्या बाटल्या ब्यूटी पार्लरचा कोर्स चालवणारे सरावासाठी आनंदाने घेतात. न उघडलेल्या असतील तर भेट द्यायला योग्य. देताना तोंड पुसून, क्रमांकाचे स्टिकर काढून द्या. ‘कुणालातरी उपयोगी पडतील’ म्हणून घरकाम करणाऱ्या मावशींच्या हातात गुठळ्या झालेल्या बाटल्या ठेवू नका.

बिघडलेल्यांचं असं करा: गच्चीवर किंवा बाल्कनीत, देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब, जुन्या पुठ्ठ्यावर रंग पातळ पसरून पूर्ण वाळू द्या. एका वेळी तीन-चार बाटल्या पुरे. तीसच्या तीस एकदम उघडल्या तर वासाने डोकं धरेल. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार रंगांचे डबे, बल्ब असा घरगुती घातक कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा द्यायचा असतो. ओलं नेलपेंट उरलंच तर बाटली घट्ट बंद करून त्या कचऱ्यात द्या. थिनर आणि रिमूव्हरच्या अर्धवट बाटल्याही त्यातच.

जुन्या नेलपेंटने मुली पणत्या रंगवतात. छान दिसतात. चालेल ना?
— वाचक, डोंबिवली

शोभेच्या असतील तर चालेल. पेटवायच्या पणत्यांना नको. वाळलेल्या नेलपेंटचा मुख्य भाग नायट्रोसेल्युलोज आहे आणि ते भराभर जळतं. वात कडेला टेकली की रंग पेट घेतो. पेटवायच्या पणत्या पोस्टर कलर किंवा गेरूने रंगवा. नेलपेंट शंखशिंपले, किल्ल्या ओळखण्यासाठी रंगाच्या खुणा, लेसची सुटणारी टोकं यांसाठी वापरा. खोट्या कानातल्यांनी कान खाजत असतील तर दांडीला पारदर्शक नेलपेंटचे दोन कोट देतात, तेही ठीक. फक्त ते महिन्याभरात झिजतं, पुन्हा द्यावं लागतं. निकेलची अ‍ॅलर्जी तीव्र असेल तर यावर विसंबू नका. मुली लहान असतील तर खिडक्या उघड्या हव्यात आणि रिमूव्हर त्यांच्या हाताला लागणार नाही अशा जागी.

कायमची भारतात परत येते आहे. चाळीस बाटल्या विमानात नेता येतील? कुरिअर करू?
— वाचक, दुबई

कुरिअरचा नाद सोडा, ज्वालाग्राही द्रव म्हणून बहुतेक ठिकाणी नाकारतात. खरं सांगायचं तर निवडानिवड तिथेच करून या. चेक-इन बॅगेत प्रसाधनांची मर्यादा प्रवाशामागे एकूण दोन लिटर आणि एक नग अर्ध्या लिटरपर्यंत अशी असते. चाळीस बाटल्या १५ मिलिलिटरच्या धरल्या तरी ६०० मिलिलिटर होतात, पण शाम्पू, परफ्यूम, डिओ हेही त्याच दोन लिटरमध्ये मोजतात. हॅन्डबॅगेत न्यायच्या तर सगळे द्रव एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसले पाहिजेत. तुमच्या विमान कंपनीचा नियम बघून घ्या, काही कंपन्या जास्त कडक असतात.

बांधताना झाकण घट्ट करा, गळ्याभोवती टेप गुंडाळा, पाच-पाच बाटल्या झिपच्या पिशवीत, भोवती मोजे किंवा टॉवेल. गळती झालीच तर ती पिशवीतच राहील. पांढरी साडी त्या बॅगेत नको.

झाकण इतकं घट्ट बसलं आहे की सांडशीने फिरवलं तर बाटलीचा गळाच तुटेल. काय करू?
— वाचक, मडगाव

सांडशी नको, गॅसवर गरम करणं तर मुळीच नको. वाटीत कोमट पाणी घेऊन बाटली उलटी धरा, फक्त झाकण बुडेल एवढी, दोन मिनिटं. प्लॅस्टिक किंचित सैलावतं आणि वाळलेला रंग मऊ पडतो. मग भांडी घासायचा रबरी हातमोजा घालून किंवा झाकणाभोवती रबरबँड गुंडाळून फिरवा. नाही सुटलं तर कापसाच्या बोळ्याने थिनर झाकण आणि काच यांच्या फटीत भिजवा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा प्रयत्न करा. उघडलं की गळ्यावरचे आणि झाकणाच्या आतले आटे थिनरने स्वच्छ पुसा. पुढे प्रत्येक वेळी ब्रश गळ्यावर न पुसता आतल्या कडेला पुसत जा.

इतकं करूनही उघडलं नाही, आणि आत मरूनच असेल, तर ती बाटली काढा. ठाण्याच्या वाचकांकडे अजून सहा आहेत.